टॅकच्या चुका: पॉलिमरेजच्या रचनेत नेमकं कमी काय आहे?

विजापूररोड_बायोटेक
एमएस्सी प्रोजेक्टसाठी १२०० बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) जनुक पीसीआरमध्ये टॅकने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमने, वाढवून क्लोन केलं. सिक्वेन्सिंगमध्ये जवळपास निम्म्या क्लोनांत एखादा बेस बदललेला, प्रत्येकात वेगळ्या जागी. नोट्समध्ये 'टॅकला प्रूफरीडिंग (चुकीचा बेस काढून टाकण्याची सोय) नाही' एवढंच आहे. पण मुळात चुकीचा बेस जागेत बसतोच कसा? आणि प्रूफरीडिंग असलेलं पीएफयू पॉलिमरेज घेतलं तर किती फरक पडेल?

तळवा_अंगठा
निम्मे बिघडले यात नवल नाही. टॅकची चूक दर दुपटीला (डीएनए एकदा दुप्पट होताना) लाख बेसमागे २ धरा. १२०० बेस आणि २५ दुपटी म्हणजे रेणूमागे सरासरी ०.६ चूक; पॉइसाँच्या (विरळ घटनांच्या शक्यतेच्या) गणिताने बिनचूक रेणू ५५ टक्के. (३० सायकल म्हणजे ३० दुपटी नव्हेत, हे बरेच जण विसरतात.)

आता रचना. पॉलिमरेजचे तीन भाग: तळवा, बोटं, अंगठा. जोडणी तळव्यात होते. तिथे अस्पार्टेटनी दोन मॅग्नेशियम आयन धरलेले असतात. योग्य डीएनटीपी (जोडायचा सुटा बेस, तीन फॉस्फेटसह) आला की बोटं मिटतात. एन्झाइम मुख्यतः जोडीचा आकार तपासतं: ए-टी आणि जी-सी यांची रुंदी जवळजवळ सारखी, सुमारे १०.५ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). जी-टी जोडी सरकून बसते, बोटं नीट मिटत नाहीत, आणि डीएनटीपीचा अल्फा (शर्करेलगतचा) फॉस्फेट प्रायमरच्या, म्हणजे वाढत्या साखळीच्या, ३′ टोकावरच्या ओएचच्या रेषेत येत नाही. पण बेस क्षणभर टॉटोमर (हायड्रोजनची जागा बदललेल्या) रूपात गेला, तर चुकीची जोडीही हुबेहूब बरोबर दिसते. २०११ मध्ये बॅसिलस पॉलिमरेजच्या स्फटिकात सी-ए जोडी अशीच सापडली. अशी जोडी निवडीच्या टप्प्यावर पकडणं अवघडच.

क्लेनोव_प्रेमी
पुढचा भाग मी सांगतो. ई. कोलायच्या डीएनए पॉलिमरेज १ च्या क्लेनोव तुकड्याच्या १९८५ च्या रचनेत एक्झोन्युक्लिएजची (टोकाचा बेस छाटणारी) जागा पॉलिमरेजच्या जागेपासून ३० अँगस्ट्रॉमहून लांब दिसली. चुकीचा बेस जोडला गेला की पुढची जोडणी मंदावते, ३′ टोक उसवून त्या जागेत पोचतं आणि छाटलं जातं. टॅकमध्ये त्या भागाचा सांगाडा शिल्लक आहे, पण धातू धरणारी अमिनो आम्लं नाहीत. खोली आहे, हत्यार नाही.

पीएफयूची चूक दर दुपटीला दहा लाख बेसमागे १.३ च्या आसपास. तुमच्या जनुकासाठी बिघडलेले रेणू ४ टक्क्यांच्या घरात. मात्र ते हळू चालतं, दर हजार बेसला २ मिनिटं द्या. एन्झाइम सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर डीएनटीपी नसताना ते प्रायमरच खातं. टोकं सपाट येतात, त्यामुळे टीए क्लोनिंग (टोकाच्या एका जादा ए वर चालणारं) थेट होणार नाही. आधी उत्पादन शुद्ध करा, मग टॅक आणि डीएटीपी (ए बेसचा डीएनटीपी) घालून ७२ अंशांवर १० मिनिटं ठेवा. शुद्धीकरण टाळलंत तर उरलेलं पीएफयू ते जादा ए काढून टाकतं.

तळवा_अंगठा
मॅग्नेशियम वाढवून बँड ठळक करायचा मोह टाळा, त्याने निवड ढिली पडते. १.५ मिलिमोलर पुरतं, डीएनटीपी प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, चारही समान. सोलापूरच्या मे महिन्यात वीज गेली की फ्रीजरमधलं सगळं वितळतं, म्हणून डीएनटीपी लहान ट्यूबांत वाटून ठेवा. जेलमधून बँड कापताना यूव्ही काही सेकंदच. थायमिन डायमर (यूव्हीने एकमेकांना चिकटलेले शेजारचे थायमिन) झाले की चुकांचा दोष पॉलिमरेजचा नसतो.

विजापूररोड_बायोटेक
मग आता जे क्लोन बरोबर आलेत, तेच वापरू?

क्लेनोव_प्रेमी
वापरा की. फक्त पूर्ण १२०० बेस दोन्ही बाजूंनी वाचलेत ना, ते बघा. एकच बदल सगळ्या क्लोनांत असेल तर तो टॅकचा नसावा, टेम्प्लेट (मूळ डीएनए) किंवा प्रायमर तपासा.