आधी क्रेडिट कार्ड संपवा

वन-आरके सोडून मैत्रिणींसोबत राहिल्यास कर्ज खरंच लवकर फिटतं का, असं विचारलंयत. मी पुण्यात वाकडला हेच केलं. एकटीचं भाडं १४ हजार होतं, तिघींत साडेसहा पडायला लागलं. पण उरलेले पैसे पगाराच्याच दिवशी कार्डावर भरा, नाहीतर ते बाहेरून जेवण मागवण्यात जातात (स्वानुभव!). कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. नुसतं ‘मिनिमम ड्यू’ (बिलावरची किमान रक्कम) भरत राहिलात तर मुद्दल जेमतेम हलते. पर्सनल लोन त्यामानाने स्वस्त, ते असेल तर नंतर फेडा.

घर सोडण्याआधी करारातला लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती) आणि नोटीस पिरियड वाचा. माझ्या मालकाने रंगकामाच्या नावाखाली अर्धं डिपॉझिट कापलं. नव्या करारावर तिघींचीही नावं घाला.

त्रास होतोच. सकाळी गीझरसाठी नंबर, माझ्या विरजणात कुणाचा तरी चमचा. शेवटी फ्रिजला वही टांगली: दूध, सिलिंडर, मावशींचा पगार, जिने भरले तिने लिहायचं. त्या वहीत आता हिशेब कमी, टोमणेच जास्त असतात. कार्ड मात्र चौदाव्या महिन्यात निल झालं.