शुगर निघाल्यावर ताटात आणि दिनक्रमात नक्की काय बदललंत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

बाबांना शुगर निघालीय, एचबीएवनसी (शुगरच्या सरासरीची रक्ततपासणी) ७.८. डॉक्टरांनी गोळी दिली, "खाण्यावर कंट्रोल ठेवा" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. आता कंट्रोल म्हणजे काय यावर घरात रोज संसद भरते, आई म्हणते भात बंद, आत्या म्हणते कारल्याचा रस, वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात साखर नको पण गूळ चालतो. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा प्लीज, व्हॉट्सअपचं ज्ञान भरपूर झालंय.

नौपाडेकर
गूळवाल्या काकांना माझा कोपरापासून नमस्कार सांगा. गूळ काय नि मध काय, रक्तात जाऊन शुगरच होणार. मी ग्लुकोमीटर घेतला आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी टोचून आकडा वहीत लिहायला लागलो. नाचणीचं सत्त्व पौष्टिक म्हणून रोज सकाळी प्यायचो, त्यावर शुगर २२० च्या पुढे! तेच दोन अंडी, ज्वारीची एक भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली की १५० च्या आत. नाचणीचा दोष नाही हो, पीठ पातळ शिजवलं की ते झरझर पचतं. पण तुमच्या बाबांचा आकडा वेगळा येईल, त्यांची वही त्यांनाच लिहू दे.

महापे_नाईटशिफ्ट
मी कळव्याची, ऑफिस महापेला. रात्री दोनला कँटीनमध्ये काय तर नूडल्स, सामोसे आणि मशीनचा चहा, त्या चहाच्या पावडरीत साखर आधीच घातलेली असते, बटण दाबून कमी होत नाही ती. मग घरून डबा सुरू केला. वरच्या कप्प्यात काकडी-कोबीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, मधल्यात मटकी नाहीतर चवळीची उसळ, खाली दोन पोळ्या, आणि खायचं याच क्रमाने, वरून खाली. आधी भाजी आणि प्रोटीन पोटात गेलं की पोळीची शुगर सावकाश चढते असं डाएटिशियनने सांगितलं होतं, मला वाटलं काहीतरीच, पण मीटरवर खरंच फरक दिसला, पोळ्या तेवढ्याच होत्या हो! जेवण झालं की पार्किंगमध्ये फेऱ्या मारते, वॉचमनकाका आधी संशयाने बघायचे, आता सोबत चालतात. जेवणानंतर लगेच चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे माझ्या मते पहाटे उठून एकदाच तासभर चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर थोडं थोडं चाललेलं बरं.

येऊरवाला
तलावपाळीला रोज राउंड मारणारे आणि मग तिथेच भेळ हाणणारे आमचे ग्रुपमेंबर हे वाचत असतील तर नमस्कार 😄

दिवाळेकर
आगरी-कोळी माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे घर सोड म्हणण्यासारखं. मी सोडला नाही. आधी ताटात डोंगर असायचा, आता एक वाटी मोजून आणि त्यावर बांगडा-मांदेली भरपूर. तांदळाची भाकरी असेल त्या वेळी भात नाय, दोन्ही एकदम नाय. बायकोने वाटीच लहान आणली गुपचूप.

वाशी_सेक्टर१७
एक सावध करते. आमच्या सासूबाईंनी दीक्षित सरांचं दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं असं सुरू केलं. वजन उतरलं, शुगरही उतरली, पण शुगरची ग्लिमेपिराइड ही गोळी आधीचीच चालू होती. एका दुपारी घामाने भिजल्या, हात थरथरतायत, विसंगत बोलतायत, मीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत तपासलं, वर आली तेव्हा जेवायला वाढलं. ही गोळी पोट रिकामं असलं तरी शरीराला शुगर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावते. डाएट बदलायच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, आणि ७० च्या खाली गेली तर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, कामवाल्या मावशींनासुद्धा.

खारघरची_मावशी
शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह तपासा. सगळं शुगरवर ढकलू नका. माझं कमी निघालं.

नौपाडेकर
+१. आणि एचबीएवनसी दर महिन्याला करत बसू नका, तो साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, पैसे फुकट.

ऐरोली_अभि
कोणाची गोळी पूर्ण बंद झालीय का?

महापे_नाईटशिफ्ट
माझी झालीय, पण डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने कमी केली. वजन बरंच उतरलं होतं आणि शुगर नवीनच होती म्हणून जमलं असं ते म्हणाले. टेस्ट चालूच आहेत, वजन वाढलं की परत येऊ शकते.

ऐरोली_अभि
आणि गणपतीत? उकडीचे मोदक??

दिवाळेकर
एक खायचा, जेवणातच, त्या दिवशी भाताला सुट्टी. तूप घाल बिनधास्त. संध्याकाळी आरतीनंतर प्रसादाचा पेढा हातात पडतो तो शेजारच्या पोराला द्यायचा, ती पोरं आमच्या पाळतीवरच असतात.