विषय: सांगलीच्या नाट्यमंडळींची तिकिटे, गुरुवार की शुक्रवार?

प्रेषक: अविनाश (सध्या विश्रामबाग, सांगली)

सर्वांस सप्रेम नमस्कार.

आपल्या दुबईतील मंडळाच्या परवाच्या बैठकीचे टिपण वाचले. अकराही कलाकारांनी शुक्रवारी निघून शनिवारी सकाळी दुबईत उतरायचे आणि त्याच संध्याकाळी प्रयोग करायचा, असे ठरलेले दिसते. तिकिटे आज रात्रीपर्यंतच धरून ठेवली आहेत, म्हणून घाईने लिहितो. कोल्हापूरहून मुंबई आणि तिथे अडीच तासांनी पुढचे विमान, ही आखणी ऑगस्टसाठी फार काठोकाठ आहे. इथे चार दिवस झड लागलेली आहे. ढग खाली उतरले तर उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, आलेले विमान न उतरता परत जाऊ शकते. कृपया गुरुवारची तिकिटे काढावीत.

प्रेषक: मीनल

अविनाशदादा, एक रात्र वाढली की अकरा माणसांचा मुक्काम आणि जेवण वाढते, आणि तो हिशेब मला वार्षिक सभेत मांडावा लागतो. निवासाचे नियोजन आमच्या उपसमितीने दोन महिने खपून केले आहे. ते एका मेलवर बदलणे योग्य वाटत नाही. कोझिकोडच्या अपघाताची भीती सगळ्यांच्याच मनात आहे, परंतु ती धावपट्टी डोंगरमाथ्यावरची होती आणि तो अपघात पावसाने झाला. मुंबईला तसे काही नाही.

प्रेषक: अविनाश

मीनल, हिशेबाची तुझी अडचण मला समजते, पण ‘पावसाने झाला’ हे वाक्य तसेच सोडता येणार नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या याच दुबईहून निघालेले ते विमान १९० जणांना घेऊन कोझिकोडला पोहोचले, तेव्हा पाऊस होता हे खरे. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, धावपट्टी दिसली नाही, आणि त्यांनी विमान पुन्हा वर नेले. इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे झाले. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध टोकाकडून उतरले, तेव्हा वारा पाठीमागून होता. पाठवाऱ्याने जमिनीवरचा वेग वाढतो, आणि ओल्या धावपट्टीवर ब्रेकला हवी तशी पकड मिळत नाही. ८,८५८ फुटांच्या त्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असे म्हटलेही होते. विमान टोकावरून खाली कोसळले आणि २१ जण गेले. चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून पावसावर बोट ठेवलेले नाही. उतरताना विमान स्थिरावलेले नसतानाही ते पुन्हा वर नेले नाही, यावर ठेवले आहे.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि मी गुरुवार मागतो आहे तो तिच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण कॅप्टनना करायचे होते, त्यामुळे वेळेत कोझिकोडलाच उतरण्याची ओढ त्यांच्या मनात होती, असे तो सांगतो. उद्याचे वेळापत्रक आज रात्रीच्या निर्णयात कसे शिरते, हे त्यात दिसते.

मुंबईचे म्हणशील, तर १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले विमान भर पावसात मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरत गेले. माणसे सुखरूप राहिली, पण ती धावपट्टी कित्येक दिवस बंद होती.

प्रेषक: श्रीकांत

अविनाशराव, आपण दिलेले आकडे बरोबर असतील. परंतु कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलात दीर्घ सेवा केलेले, आपल्यातले वैमानिक होते आणि त्यांनीही त्या रात्री प्राण गमावले, हे लिहिल्याशिवाय हा विषय पुढे नेऊ नये. सकाळच्या उड्डाणाला दुसरा कॅप्टन सहज मिळाला असता, तर ती ओढ राहिली असती का? दोष एका माणसापाशी थांबत नाही.

प्रेषक: वंदना (मूळची मिरजेची)

श्रीकांतभाऊंशी मी सहमत आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत मुंबईला उतरताना खिडकीतून ओल्या पत्र्यांची छपरे अगदी जवळ दिसू लागली होती, आणि तेवढ्यात इंजिनांचा आवाज वाढून विमान एकदम वर चढले. आम्हाला अहमदाबादला उतरवले. शेजारचे गृहस्थ पुढचे विमान चुकले म्हणून हवाई सुंदरीवर ओरडत होते, आणि मीही मनातून चिडले होते. आज त्या चिडण्याची लाज वाटते. आपल्या सांगलीत पुराच्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी, ४५ ला धोक्याची. पट्टीवर आकडा दिसला की सांगलीतली माणसे सामान माळ्यावर चढवतात, अजून थोडे थांबून पाहू असे म्हणत नाहीत. वैमानिकाचीही मर्यादा तशीच आधी आखलेली असते. ती त्याला निश्चिंतपणे पाळता यावी, म्हणून आपल्या बाजूने एक दिवस मोकळा ठेवावा. पाच जण माझ्या घरी राहतील.

प्रेषक: मीनल

वंदनाताई, पाच जणांची सोय झाली तर उरलेल्या सहा जणांचे मी पाहते. खर्च सभेत मीच मांडेन. अविनाशदादा, तिकिटे गुरुवारची करावीत. तबला आणि हार्मोनियम त्यांच्यासोबत येणार की इथे मिळवायची, तेवढे आजच कळवावे.