बॅटरीच्या पेटीत कुटार (भुसा), खाली डिझेल गळते. काय करावं?

राम राम मंडळी. तालुका दारव्हा, यवतमाळ. सोयाबीन काढणी जोरात हाये. थ्रेशर चालला की ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या पेटीत कुटार भरते. एका टर्मिनलवर पांढरं फुललं, परवा तिथून ठिणगी उडाली. त्यात डिझेलचा पाइपही झिरपते. फवारणी पंप घरात कापसाच्या ढिगाजवळच चार्जिंगले असते. मिस्तरी म्हणते, "काही होत नाही."

वर्धेकर: मिस्तरीले म्हणा, तूच झोप त्या खोलीत! इंजिन बंद करून आधी बॅटरीची मायनस वायर काढा; लावताना मायनस शेवटी. उलटं केलं अन् पाना बॉडीले टेकला की ठिणगी ठरलेली. पांढरं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पण झाकणं घट्ट लावून. सोडा आत गेला की बॅटरी कामातून गेली. सुकल्यावर व्हॅसलीन लावा. आत डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं नाही.

अकोल्याचा दादा: कापसाजवळचं चार्जिंग आजच बंद. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत 4 टक्के झाला तरी पेट घेतो. पंप ओसरीत ठेवा. डिझेल सांडलं तर कोरडी माती टाका, मग ती माती उचला. पेटलंच तर पाणी नाही, जळतं डिझेल पाण्यावर तरंगत पसरते. रेती टाका, नाहीतर आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलिंडर वापरा. हायड्रॉलिकचा पाइप कुठं फुटला हे हातानं चाचपू नका, प्रेशरचं तेल कातडीत घुसते. पुठ्ठा धरा.

प्रश्नकर्ता: पंप ओसरीत आणला. पाइप उद्या बदलतो. कुटार रोज काढा लागन का?

वर्धेकर: रोज. इंजिन थंड झाल्यावर, सायलेन्सरपाशी आधी.