२०२२ नंतर कुरणाचा एनडीव्हीआय एकदम का पडला?

चरणीवाला:
एक चराऊ कुरण सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फोटोंवर बघतोय, २०१८ पासून एनडीव्हीआयची, म्हणजे हिरवेपणाच्या आकड्याची, दर महिन्याची सरासरी काढली. २०२१ पर्यंत ग्राफ ठीक, पावसात वर उन्हाळ्यात खाली, पण २०२२ च्या सुरुवातीलाच असा पडलाय की नंतर सावरलाच नाही. रिपोर्टात "अतिचराईमुळे कुरण खालावलं" असं लिहायला बसलो होतो, पण मेंढपाळ म्हणतात चारा नेहमीसारखाच आहे. कुणाचं खरं धरू, त्यांचं का सॅटेलाइटचं?

पिक्सेलपंत:
त्यांचं. गवत कॅलेंडर बघून जळत नाही हो.
२५ जानेवारी २०२२ ला सेंटिनेल-२ ची प्रोसेसिंग बदलली, तेव्हापासून फाइलमधल्या प्रत्येक आकड्यात १००० जास्तीचे असतात, वापरण्याआधी ते आपण वजा करायचे. समजा लाल बँड (लाल प्रकाशाचा आकडा) १५०० आणि निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) ३०००, तर एनडीव्हीआय, म्हणजे दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, ०.३३. तेच १००० वजा न करता घेतलं तर २५०० आणि ४०००, वरची वजाबाकी तीच १५०० पण खालची बेरीज ४५०० ची ६५०० झाली, म्हणून ०.२३. गवताची काडीही हलली नाही आणि कुरण "खालावलं". गूगलचं अर्थ इंजिन (उपग्रहाचे फोटो ऑनलाइन तपासायची सोय) वापरत असाल तर हार्मोनाइज्ड कलेक्शन घ्या, त्यात हे आधीच वजा केलेलं असतं. मीही यात एकदा तोंडघशी पडलोय, तेही प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री.

चरणीवाला:
अर्थ इंजिनच आहे, जुनंच कलेक्शन होतं 🤦 बदललं आणि दरी गायब. म्हणजे कुरण ठणठणीत असं लिहू ना?

गवतकाडी:
थांबा, एवढी घाई नको. एनडीव्हीआय हिरवेपणा मोजतो, चारा नाही. वाळलेलं गवत आणि उघडी माती त्याला जवळपास सारखीच दिसते, आणि उन्हाळ्यात जनावरं तर वाळलेलंच खातात. उलट वेड्या बाभळीसारखी झुडपं पसरली की आकडा वर जातो आणि चरायची जागा कमी होते, ग्राफ बघून आपण खूश. गवत पूर्ण वाळल्यावरच्या महिन्यांचे फोटो वेगळे काढा, तेव्हाही जे हिरवं दिसतं ते बहुतेक झाडझुडूप. आणि पावसाचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ट्रेंड लिहूच नका, शेवटची दोन वर्षं पावसाची निघाली की कुठलंही कुरण सुधारलेलं दिसतं. अजून मागे जायचं असेल तर लँडसॅट ही अमेरिकेच्या उपग्रहांची मालिका आहे, ३० मीटरचा पिक्सेल, १९८० च्या दशकापासून. फक्त लँडसॅट ७ चे मे २००३ नंतरचे फोटो जपून, स्कॅनरमध्ये बिघाड झाल्याने मध्ये रिकाम्या पट्ट्या येतात.

चरणीवाला:
वाळक्या महिन्यांचे काढले. ओढ्याकाठचा एक पट्टा दरवर्षी रुंद होतोय. मेंढपाळांना फोटो दाखवला तर म्हणे तिकडे आम्ही मेंढ्या नेतच नाही, काट्यात अडकतात.
रिपोर्ट पहिल्यापासून लिहायला घेतलाय.