सोबतीच्या यंत्रमानवाची ओढ टिकवायची कशी?

प्रश्न (सांगली, अभियांत्रिकी विद्यार्थी):
विश्रामबागेतील एका वृद्धाश्रमात आम्ही बोलका यंत्रमानव ठेवला आहे. सुरुवातीला आजी-आजोबा त्याच्याभोवती जमत असत. आता तो कोपऱ्यात पडून असतो. आणखी गाणी घातल्यास ओढ टिकेल का?

उत्तर (मिरज):
नव्याचे नऊ दिवस संपल्यावर गाणी वाढवून फारसे साधत नाही. एखाद्या आजींनी काल गुडघा दुखत असल्याचे सांगितले असेल, तर आज त्याने आपणहून “गुडघा कसा आहे?” असे विचारले पाहिजे, मात्र ही आठवण पुसण्याचा अधिकार आजींकडेच असावा. जपानचे संशोधक ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ या सोबतीच्या यंत्रमानवाला मुद्दाम सीलच्या पिल्लाचे रूप दिले, कारण सीलशी कुणाचा रोजचा संबंध नसल्याने तुलना होऊन अपेक्षाभंग होत नाही. बोलणाऱ्या यंत्राला ही सवलत मिळत नाही.

उत्तर (सातारा):
मला काळजी वेगळीच वाटते. सोनीने ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा १९९९ मध्ये आणला, २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. पुढे जपानमधील मंदिरात या कुत्र्यांचे अंत्यविधी झाले, इतका लोकांचा जीव त्यांच्यात गुंतला होता. तुमची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर देखभाल कोण करणार, हे आधी ठरवा आणि आजी-आजोबांना स्पष्ट सांगा.

प्रश्नकर्ता:
देखभालीबाबत उद्याच व्यवस्थापकांशी बोलतो. आठवणी पुसण्यासाठी वेगळे, मोठे बटण देणार आहोत.