दिवाळीच्या आठवड्यात जीव घाबरा होतो. सुगंधी तेलं, ध्यान यांचा कुणाला खरंच उपयोग झालाय का?

गोदाकाठची:
वसुबारस जवळ आली की माझ्या छातीत धडधडायला लागतं. घरात सासू-सासरे, दोन वर्षांची लेक, भाऊबीजेला दोन्ही नणंदा सहकुटुंब, आणि मला सुट्टी थेट लक्ष्मीपूजनापासून. गेल्या वर्षी इथे नाशिकात मेन रोडची खरेदी उरकून निघाले आणि रविवार कारंजाच्या गर्दीत मला रडूच फुटलं. लेक कडेवर होती, ती माझे डोळे पुसत होती. ते काही केल्या विसरता येत नाही.

एक मैत्रीण म्हणते लॅव्हेंडर तेल आणि खोलीभर वास पसरवणारा डिफ्यूझर घे, दुसरी म्हणते माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणावर लक्ष ठेवायचं ध्यान, कर. सासऱ्यांना दमा आहे. कुठलं तेल घेऊ, किती थेंब? आणि ज्या घरात २० मिनिटं डोळे मिटून बसायला मिळत नाही तिथे ध्यान कसं जमवायचं?

वाळा_मोगरा:
मी फार्मसी केलंय, त्यामुळे तेलांचं सांगते.

दमेकरी घरात असताना डिफ्यूझर घेऊच नकोस. उग्र वासाने दमा उसळू शकतो, आणि त्याचा वास खोलीतल्या प्रत्येकाला घ्यावाच लागतो. रुमालावर १ थेंब टाक. वाटलं की नाकाशी धरायचा, नको तेव्हा पर्समध्ये.

अंगाला लावायचं तर ३० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. नुसतं तेल थेट कातडीवर नको, पोटात तर मुळीच नको. बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, ते बाजारहाटाच्या दिवशी टाळ.

लेकीचं सगळ्यात महत्त्वाचं. निलगिरी, पेपरमिंट, कापूर तिच्या चेहऱ्याजवळ न्यायचे नाहीत. देवघरात कापराची डबी खाली असेल तर आजच वर ठेव. लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात. तेलाच्या बाटल्याही तिथेच, उंचावर.

बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघून घे. लॅव्हेंडरला 'लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया' असतं. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो बहुतेक वेळा कृत्रिम वास असतो. आणि ही धडधड दिवाळीनंतरही राहिली तर तेलावर भागवू नकोस, डॉक्टरांना दाखव.

निवृत्त_मास्तर:
ताई, मी इगतपुरीला धम्मगिरीत १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे. पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्यांशी श्वास येतो-जातो तेवढं पाहायचं. लांबवायचा नाही, रोखायचा नाही. लेक एवढीशी असताना तुम्हाला शिबिराला जाता येणार नाही, हे कळतं.

म्हणून माझा घरचा अनुभव सांगतो. सौ. गेल्यापासून चकलीची भाजणी मीच भाजतो. मंद आच, तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद-मूग वेगळे, धने-जिरे शेवटी. डाळीचा कच्चा वास जाऊन खमंग वास कधी येतो, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. मन मुलाच्या फोनकडे जातं, तिच्या आठवणीकडे जातं. जाऊ द्यावं. कढईतला वासच ते परत घेऊन येतो. पहिल्या वर्षी दोनदा डाळ करपली, तरी त्या अर्ध्या तासात मला जेवढं शांत वाटलं तेवढं महिनाभरात वाटलं नव्हतं. तुम्ही पूर्ण फराळ असा करू नका, एकच पदार्थ निवडा. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असू द्या.

सातपूरची_वहिनी:
मास्तर, वाचून डोळे भरून आले.

पण गोदाकाठची, कामं कमी केल्याशिवाय श्वासाने तरी किती पुरं पडायचं? मी सासूबाईंसाठी म्हणून वर्षानुवर्षं सात पदार्थ करत होते. एकदा सरळ विचारलं, "आई, घरचंच हवं असं काय काय आहे?" त्या म्हणाल्या, "बेसनाचे लाडू. बाकी कुणाला खायचंय एवढं?" तेव्हापासून चकली-अनारसे बचत गटाच्या बायकांकडून येतात. तूही विचार. आणि मेन रोडला जायचंच तर दुकानं उघडताना जा, लेकीला घरी ठेवून.

गोदाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. कापराची डबी खालच्याच फळीवर होती, लगेच हलवली.

काल सासूबाईंना विचारलं. अनारसे त्यांनाही नको होते, मला आवडतात असं त्या धरून चालल्या होत्या. भाजणी मात्र आम्ही दोघी मिळून भाजणार आहोत. पाडव्याला पहाटे मी एकटी पिंपळपारावर गाणं ऐकायला जाणार, लेकीला त्या सांभाळतील. हे त्यांनीच सुचवलं.

लॅव्हेंडरचा वास मला परका वाटला, त्यामुळे वाळ्याचं तेल आणलं. सासूबाईंनी रुमाल हुंगला आणि म्हणाल्या, "आमच्या माठाचा वास." मग माहेरच्या ओसरीबद्दल बराच वेळ बोलत बसल्या. एकच विचारायचं होतं, बाटलीतून थेंबच पडत नाही. तेल खराब आहे का?

वाळा_मोगरा:
नाही गं, चांगलंच असणार. वाळ्याचं तेल मुळांतून काढतात आणि ते मुळातच घट्ट असतं, त्यात आता थंडी. बाटली तळहातात थोडी ऊब दे, मग रुमालावर उलटी धरून थांब. झटकू नकोस, एकदम चार थेंब पडतील. पडतो हळूहळू.